चेहरा गेलेली मूर्ती

मी शहरात मूर्तिकला शिकून कुरुंद्याजवळच्या आमच्या गावी परतलो, ते वर्ष दुष्काळाचं होतं. वस्तीतला विहार नुकताच बांधून झाला होता. आत बुद्धाची मूर्ती तेवढी नव्हती. आई म्हणाली, "शिकून आलास नं, मंग तूच कर."

ओढ्याची माती आणून मी बसलेला बुद्ध घडवला. त्यावर प्लास्टरचा साचा चढवला. साच्याच्या पहिल्या थरात नीळ कालवली होती. फोडताना निळं दिसलं की मूर्ती जवळ आली, हात हलका करायचा, असं आम्हाला शिकवलेलं. मग आतली माती खरवडून काढली आणि पोकळीत सिमेंट भरलं. मातीचा बुद्ध संपला; आता जे होईल ते या साच्यातूनच.

सिमेंटला आठ-दहा दिवस पाणी द्यावं लागतं. विहीर आटलेली. बाया कोसभरावरून पाणी आणत, तरी रोज घरटी एक तांब्या विहारात येई. चौथ्या दिवशी शेजारची म्हातारी तांब्या ठेवताना सहज बोलली, "नातीला म्हनलं, आज कमी पी. भगवंताला लागून राहिलं."

 दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगून टाकलं, "आता पाणी नको. पक्कं झालं."

ते खोटं होतं. मला वाटलं, निभेल.

साचा फोडायला सगळी वस्ती जमली. खांदे, कान नीट निघाले. चेहऱ्यावर निळं दिसलं, मी हात हलका केला. पण थर सुटताना नाक आणि ओठ घेऊनच सुटला. हातात भुसभुशीत वाळू आली.

 मग म्हातारीनं विचारलं, "पानी कमी पडलं का?"

मी मान डोलावली.

"आमी देतच होतो की रे. तू काहून नको म्हनला?"

मी खाली पडलेले निळे तुकडे गोळा करायला लागलो.

दोन दिवस मी सिमेंट लिंपत राहिलो. चेहरा भलत्याच कुणाचा तरी झाला. शेवटी माणसांनी मूर्ती विहारामागं नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आत वसमतहून आणलेली तसबीर लावली. आई मला एका शब्दानं बोलली नाही, पण कितीतरी दिवस विहाराच्या वाटेनं जायचं टाळत होती.

पुढं मी शाळेत चित्रकला शिकवली. पोरांनी मातीकाम शिकवा म्हटलं, की मी फळ्यावर अक्षरं काढायला घ्यायचो.