परमिट न मिळालेला खेळाडू

उत्तरेकडच्या आमच्या शहरातल्या सीपरी बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून देणारे एक भैया होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक नसलं की ते संगणकावर फुटबॉलचा संघ चालवायचा खेळ खेळत. परदेशातल्या नर्सच्या नोकरीसाठी माझं वर्क परमिट नाकारलं गेल्याचं त्यांनीच वाचून दाखवलं. कारण होतं, अनुभव कमी. त्यांनी सावकाश चष्मा पुसला आणि खेळाची स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"दीदी, इस विदेशी लड़के को भी परमिट नहीं मिला. खिलाड़ी अच्छा है, बस मैच कम खेले हैं. दूसरे क्लब में खेलने भेजा है. अगले साल फिर अर्ज़ी देंगे."

त्याच आठवड्यात मी माझ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात बदली मागून घेतली. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज भरायला गेले, तेव्हा माझा अनुभव लिहायला त्यांना रकाना अपुरा पडला.