शकूची हनुवटी

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय — कदाचित तुम्ही शकूला ओळखत नाही म्हणून.

शकू माझी भाची, आक्काची धाकटी. तिला वरचे दात आधी आले. असे दात मामाला जड, म्हणून मामानं चांदीचं काही द्यायचं, अशी आमच्याकडची समजूत. मी थोतांड म्हणून हसलो — आणि गुपचूप वाटी दिली. पोरगीच तशी गोड होती.

सातव्या वर्षी पक्के दात आले ते उलटे बसले. खालचे पुढं, वरचे मागं. हनुवटी सदा भांडायला निघाल्यासारखी. स्वभाव मात्र लोण्याचा.

दुष्काळ सरल्यावर लोहाऱ्यात एका सहकारी संस्थेनं दातांचं शिबिर भरवलं. पोरं आ वासायला आलेली. तासभर तोंड उघडं राहिलं ते चेअरमनचं. मग सोलापूरच्या डॉक्टरांनी शकूचा जबडा पाहिला आणि मला बाजूला घेतलं. हाड वाढतंय तोवर वळतं, म्हणाले. हनुवटीला कप, डोक्याला पट्टा, दर महिन्याला सोलापूरची खेप. दोन-तीन वर्षं दवडलीत, तर पुढं कठीण आहे.

इलाज फुकट, संस्थेची जीपही फुकट. फक्त चेअरमनच्या सहीची चिठ्ठी हवी होती.

आता — ‘दुष्काळात हिरवं उरलं ते चेअरमनच्या गळ्यातल्या हारातच’ हे वाक्य माझं. गावभर झालेलं. त्याच माणसापुढं हात जोडून उभं राहायचं? मी?

मास्तर होतो, पगार होता, एस.टी. होती. चिठ्ठीवाचूनही नेता आलं असतं. पण महिन्याला एक रजा... ती मला माझ्या पुस्तकांसाठी हवी होती. हे चेअरमनपेक्षाही सांगायला जड जातंय.

आक्का दारातच उभी होती. “बापू, काय म्हणले डॉक्टर?”

“काय न्हाय. वाढंल तसं आपोआप बसंल म्हणले.”

तिनं पुन्हा विचारलं नाही. घरात शिकलेला मी एकटा. माझ्यावर शंका कोण घेणार? दोन-तीन वर्षं माझ्या हातात होती. रोज शकू पुढ्यात पाढे म्हणायची, रोज ती हनुवटी दिसायची. मी तोंड उघडलं नाही.

शकू वाढली, जबडाही वाढला. लग्नाच्या फोटोत तिच्या तोंडावर पदर आहे. अजूनही हसताना हात आधी वर जातो.

परवा तिच्या लेकीला घेऊन आम्ही धाराशिवला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. तोच जबडा. वेळेवर आणलंत, म्हणाल्या. मग शकूकडं पाहून विचारलं, “तुम्हाला लहानपणी कुणी दाखवलं नाही का?”

“दाखवलं की!” शकूनं तोंडावरचा हात काढला. “ह्या माझ्या मामानं नेलं हुतं. त्या काळात कुणाचा मामा नेत हुता, सांगा बरं?”

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघून कौतुकानं हसल्या.

मीही हसलो.