मोहाचं अर्धं झाड

आमच्या अंगणातला मोगरा करडा फुलत असे. कळी पांढरीच असायची, पण उमलता उमलता तिच्यावर मँगनीजची बारीक काळी धूळ बसे, आणि आई परडी घेऊन आली की प्रत्येक फुलावर आधी हळूच फुंकर घाली आणि मगच ते देवाला वाही. दोरीवरची धोतरं, खाटेवर वाळत घातलेले पापड, उन्हात निजलेल्या मांजराची पाठ... सगळ्यांवर त्या डोंगराचा थोडा थोडा अंश असायचा. मुलांनो, तुम्ही तिकडे परदेशात बसून फोनवर विचारता, "आजी, तुझं गाव कसं होतं?" तेव्हा मला आधी तो धुळीचा वास येतो, ओल्या लोखंडासारखा.

पण क्रमाने सांगते. बालाघाटला, वैनगंगेकाठी, जमीन सपाट आणि भाताची. लामत्याकडून धानाच्या बैलगाड्या येत. कोर्टकचेऱ्या, रेल्वेचं जंक्शन, तांदळाचे व्यापारी, सगळं तिथेच. तिथून बैहरची बस निघाली की थोड्याच वेळात शेतं मागे पडत, घाट सुरू होई, इंजिन कण्हू लागे, आणि बांबूची बनं रस्त्यावर इतकी वाकलेली असत की खिडकीतून हात काढला तर पानं हाताशी येत. वर हवा बदले. सालाची सरळसोट झाडं, तांबडी माती, आणि मधूनमधून डोंगराला पाडलेल्या काळ्या भेगा – खाणी. खालच्या माणसाचं पोट धानावर, वरच्याचं रानावर, आणि आमच्यासारख्या भंडाऱ्याकडून आलेल्यांचं खाणीवर.

उकव्याच्या मोठ्या खाणीच्याही पुढे, रानात, एका लहानशा खाणीवर माझे बाबा मोजणीचं काम करीत. नवी खणती कुठवर जाणार, निघालेली दगडमाती कुठे टाकायची, हे ते जमिनीवर चुन्याची रेघ ओढून ठरवीत. माणूस शांत, शिस्तीचा. रेघ वाकडी झाली तर पुसून पुन्हा ओढणारा.

आमच्या क्वार्टरच्या मागे एक मोहाचं झाड होतं. फाल्गुन लागला की जवळच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, सुकवारो नावाची गोंड बाई आपल्या मुलीला, फूलमतला, घेऊन यायची. झाडाखालचा पाला झाडून जाळायची आणि जमीन अंगणासारखी लख्ख करून ठेवायची. मग पहाटेपासून फुलं टपटपू लागत – फिकी पिवळी, रसाने टम्म, थेट जिभेवर ठेवावीत अशी. त्यांचा तो गोड, जड, किंचित आंबूस दरवळ खिडकीतून आत आला की मी उठून त्या दोघींच्यात जाऊन बसे. वेचलेली फुलं वाळवून काही त्या घरी उकडून खात, काही बाजारात देऊन मीठ नि लुगडं आणत. रानात धान कमी. पावसाळ्याचे ओढगस्तीचे दिवस त्या वाळल्या फुलांवर निघत.

एका वर्षी बाबांची रेघ त्या झाडापलीकडे गेली. तिथे ढिगारा पडणार होता. बाबांनी सुकवारोला तसं सांगितलं, तर ती बुंध्याला पाठ टेकून बसली आणि उठेना.

"अहो, तिले काहून इतकं लागलं, ते तं विचारा," आई दारातून म्हणाली.

"बाबू, ये झाड फूलमत का है," सुकवारो म्हणाली.

सुकवारोच्या लग्नात ते झाड तिला सासूने दिलं होतं. जमीन नव्हे, लाकूड नव्हे – त्याखाली पडणारी फुलं. आता येत्या हंगामानंतर फूलमत नाल्यापलीकडच्या टोल्यावर नांदायला जायची होती आणि झाड तिला द्यायचं ठरलं होतं. ज्या सुनेचं स्वतःचं झाड, तिला उपासाच्या दिवसांत सासूपुढे टोपली घेऊन उभं राहावं लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण केवढा अर्थ!

बाबांनी वरच्या साहेबांना विचारून पाहिलं. रेघ हलली नाही. तोड तेवढी फुलं सरेपर्यंत थांबली. तेव्हा बाबांनी आपल्या परीने मार्ग काढला. नाल्याच्या अलीकडे त्यांना एक मोठं, डेरेदार मोहाचं झाड दिसलं. पाला तसाच पडलेला, माणसाची चाहूल नाही. त्यांनी त्याच्या बुंध्याला चुन्याचं कडं काढलं आणि सुकवारोला नेऊन दाखवलं. "हे घे फूलमतला. रानात मोहाची काय कमी?"

सुकवारोने तोंडावर हात ठेवला. "ये क्या कर दिया बाबू... ये तो मेरी जेठानी का है."

जेठानी म्हणजे तिची मोठी जाऊ, इमरती. एका बकरीवरून दोघींचं बोलणं कधीचंच बंद झालं होतं. तिच्या घरी आजारपण होतं म्हणून त्या वर्षी झाडायला उशीर झाला होता, इतकंच. संध्याकाळी ती आमच्या अंगणात येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"बाबू, चूना खदान में लगाओ. वो झाड मेरे को मेरी सास ने दिया है. तुम कब से मेरी सास हो गए?"

आईने पदर तोंडाला लावला. "हौ, सासूच झाले तुम्ही तं," ती पुटपुटली. बाबा हसले नाहीत. दुसऱ्या सकाळी पाण्याची बादली आणि फडकं घेऊन ते स्वतः गेले आणि ते कडं पुसत बसले. चुना सालीच्या भेगांत शिरला होता, लवकर निघेना. इमरती बघत होती. म्हणाली, "रहने दो बाबू, झाड को छील दोगे."

फुलं सरल्यावर आमच्या मागचं झाड पडलं. सुकवारो त्या दिवशी बाजाराला निघून गेली होती. पुढे ती खाणीवर येऊ लागली, इतर बायांबरोबर दगडातून मँगनीज निवडायला.

लग्नाच्या दिवशी आम्हीही टोल्यावर गेलो होतो. हळदीच्या अंगाने फूलमत बसलेली, आणि इमरती उठली, तिचा हात धरून तिला नाल्याकडे घेऊन गेली. मागोमाग आम्ही सगळे. झाडाच्या बुंध्यापासून तिने एक लांब बांबू जमिनीवर आडवा ठेवला.

"नाले की तरफ का तेरा. पहाड की तरफ का मेरा," ती म्हणाली. मग सुकवारोकडे न बघता, "और अपनी माँ को बोल, झाड़ू अपनी लाए. मेरी नहीं मिलेगी."

कुणी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. का दिलं, हेही नंतर कुणी विचारलं नाही.

मी शाळेसाठी खाली बालाघाटला आले, पुढे इंग्रजी शिकले, दूर गेले. सत्तरच्या दशकात, तुमची आई कडेवर असताना, एकदा त्या रानात परत गेले. आता ती खाणही बंद पडली, क्वार्टरांवर छपरं नाहीत, असं ऐकते. पण मी गेले तेव्हा फाल्गुन होता, आणि नाल्याकाठच्या त्या झाडाखाली एका बाजूला म्हातारी इमरती वेचत होती, दुसऱ्या बाजूला फूलमत. दोन्हीकडची जमीन झाडलेली, मध्ये पाल्याची बारीक ओळ तशीच ठेवलेली.

"बीचवाले किसके?" मी विचारलं.

"भालू के," फूलमत म्हणाली. "उससे कौन झगड़ेगा?"

सुकवारो जरा दूर, दगडावर बसून होती. मी म्हटलं, "तू नहीं बीनती?"

"मेरा तो गया ना, बाई. ये लड़की का है."

फूलमतने भरलेली टोपली तिच्यापाशी आणून ठेवली. सुकवारोने वरचं एक फूल उचललं, नाकाशी धरलं, आणि पुन्हा टोपलीत ठेवलं.