अर्ध्या पुस्तकाचे झबले

पुस्तकांना माणसांपेक्षा जास्त थंडी वाजते, असे ठामपणे सांगणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली, आणि तीही मलकापुरात, जिथे मे महिन्यात माठातले पाणीसुद्धा कोमट लागते. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या या मावशी हातात क्रोशाची सुई आणि काखेत लोकरीचा गुंडा घेतल्याखेरीज उंबरा ओलांडत नसत. पुस्तकाची उंची त्या वितीने मोजत, जाडी बोटांनी मोजत, "हात वर कर, राजा," असे त्याला हळूच म्हणत आणि त्याच्या अंगाचे झबले विणायला घेत. हे भाग्य मात्र सगळ्याच पुस्तकांना लाभत नसे. वाचणारा अर्ध्यावर सोडून वारला, तरच. "मधातच राह्यलेल्या पुस्तकाले लय हिव वाजते," त्या सांगत. झबल्याचा रंग त्या गेलेल्या माणसाच्या स्वभावावरून ठरे. आमच्या तापट वकिलांच्या कादंबरीला वांगी रंगाचे झबले चढले, तेव्हा रंग अगदी बरोबर असल्याचे त्यांच्या पत्नीने डोळे पुसत मान्य केले. काही महिन्यांनी मावशी ते झबले उसवून टाकीत आणि तीच लोकर पुढच्या पुस्तकाला वापरीत. मधल्या काळात काय घडे, हे विचारण्याचे धैर्य गल्लीत कोणातच नव्हते. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी तर नव्या पुस्तकाचे शेवटचे पान आधी वाचून ठेवीत. उद्या काही बरेवाईट झालेच, तर पुस्तक अर्धे राहिले असे मावशींना म्हणता येऊ नये.

मीही हसत असे. मग गेल्या हिवाळ्यात माझी पत्नी गेली. तिची कादंबरी कपाटात होती, आणि जिथवर वाचून झाले त्या पानात खुणेसाठी घडी करून ठेवलेला तिचा चष्मा. त्या पुस्तकाला मी कोणाला हात लावू दिला नव्हता, चष्म्याविषयी तर कोणाशी बोललोही नव्हतो. मावशी आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि विणत राहत.

"दे न भाऊ पुस्तक."

"राहू द्या, मावशी."

"मंग राहू दे. विणाले काय, अंदाजानं बी येते."

एके दिवशी त्यांनी अबोली रंगाचे झबले माझ्या हातात ठेवले. घरात जाऊन मी ते पुस्तकावर चढवले. ते चपखल बसले. एका जागी त्याला मुद्दाम विणलेला फुगवटा होता आणि त्यात चष्मा नेमका मावला. बाहेर येऊन मी विचारले, "तुम्हाला कसे कळले?"

"चष्म्याबिगर ती वाचनार कशी?" त्या म्हणाल्या, आणि सुई पुन्हा चालू झाली.

त्यानंतर टाका सैल झाला, लोकर धुवायची आहे, अशा सबबी सांगून त्या अधूनमधून पुस्तक घरी नेत. परत येई तेव्हा चष्मा काही पाने पुढे सरकलेला असे. माझ्याच हातून हलला असेल, अशी मी मनाची समजूत घालीत राहिलो. अखेर एका दुपारी पुस्तक आणायला मीच त्यांच्याकडे गेलो. दार लोटलेले होते. आत मावशी माझ्या पत्नीचा चष्मा लावून मोठ्याने वाचत होत्या. आवाज त्यांचाच होता. पण माझ्या पत्नीला विनोदाचे वाक्य येण्याआधीच हसण्याची सवय होती, आणि ज्या मावशींना मी कधी हसताना पाहिले नव्हते, त्या वाक्याच्या आधी हसल्या. मागे न पाहता त्या म्हणाल्या, "ये भाऊ, बस. शेवटचंच पान राह्यलं."

"मावशी, ते नका वाचू."

"काऊन?"

"ते संपले की ती उरणार नाही."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तुह्यासाठी तिले उभंच ठेवतं काय? मधातच राह्यलेल्या मानसाले बसता बी येत नाई अन् जाता बी येत नाई."

मी चपला दाराशी काढल्या. मग खाली बसलो. "वाचा," म्हणालो, "पण सावकाश."

त्यांनी सावकाश वाचले. पान संपल्यावर झबल्याचे टोक माझ्या हातात दिले. मी ओढत गेलो, त्या गुंडाळत गेल्या. एकेक ओळ सुटत होती; फुगवट्यापाशी माझा हात थांबला, तेव्हा त्याही थांबल्या. शेवटी गुंडा झाला आणि पुस्तक उघडे पडले.

"या लोकरीतून चष्म्याला एखादे लहानसे झबले होईल का?" मी विचारले.

"चष्म्याले नाई वाजत हिव," मावशी म्हणाल्या, आणि माझे डोके वितीने मोजू लागल्या.

अबोली रंगाची ती कानटोपी मी भर उन्हाळ्यातही घालतो. गल्ली हसते, शेजारी तर कौतुकाने तापमान विचारतात. मी त्यांच्यावर रागावत नाही. दुपारी एकटा वाचत बसलो की कधीकधी, हसू येण्याजोगे वाक्य अजून पुढच्या ओळीवर असते, आणि माझ्या कानाशी कोणीतरी आधीच हसते. मग मी ते वाक्य जरा थांबून वाचतो.