तिनाचा सहा

सरहद्दीच्या नाक्यावर नोटा बदलून देणाऱ्या दुकानात ती फळ्यावर भाव लावत असे. लोक तिला आकडेवाली म्हणत. पलीकडच्या देशाची एक नोट घ्यायची तर आपल्या किती मोजायच्या, हे त्या फळ्यावर दिसे.

हे काम तिच्या सासऱ्यांचे. त्यांच्या काळात भाव होता चार. सरकारने बांधून दिलेला चार त्यांनी रंगाने काढला होता आणि वर्षानुवर्षे त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहिले नाही. मग एका सकाळी रेडिओवर एक वाक्य आले आणि चाराचे नऊ झाले. सासरे शिडीवर चढून चार पुसत होते, तेवढ्यात खालून कोणीतरी शिडीच ओढली. कंबर मोडली, पुन्हा उठले नाहीत. पुढे सरकारने भाव बांधणेच सोडले. आकडा रोज हलू लागला, तेव्हा मालकाने पत्र्याचे सुटे आकडे कापून घेतले आणि फळ्यावर दोन खिळे ठोकले. मालक कवडीचुंबक. तीन आणि सहा निराळे कापायला तो तयार होईना.

"तीन उलटा केला की सहाच होतो ना? दोन्ही बाजूंनी रंगव, झालं!"

उलटू नये म्हणून ती आकडा खालून तारेने बांधून टाकी.

त्या वर्षी दोन्ही देशांचा छत्तीसचा आकडा होता आणि भाव एकतिसावर पोचला होता. दुकानाबाहेर पहाटेपासून रांग लागे. दारात काठी घेऊन तिचा नवरा उभा असे. रांगेत सगळ्यात पुढे शेजारचा शिंपी होता. त्याच्या मुलीच्या हृदयाला भोक होते. शस्त्रक्रिया पलीकडेच व्हायची होती आणि तिथले इस्पितळ आपल्या नोटांना हात लावत नव्हते. त्याने दोन्ही मशिने विकून गाठोडे बांधून आणले होते.

"वहिनी, आज किती?"

"तेहतीस होणार म्हणे, भाऊजी."

"चालेल. चौतिसापर्यंत जमतंय माझं. त्यापुढं गेला तर मलाच विकावं लागेल, आणि मला घेतंय कोण!"

नवरा हसला. "तुला फुकट दिला तरी ही तुझी वहिनी परत पाठवेल."

ती शिडीवर चढली. दोन्ही आकड्यांची तार सोडली, एक काढून तिथे तीन लावला. आतून मालक ओरडला, "उतर लवकर! तार नंतर बांध, आधी खिडकी उघड!" उतरताना शिडी हलली आणि तिचे कोपर पहिल्या खिळ्यावरच्या तिनाला लागले. तो गर्रकन फिरला. तिने पाहिले नाही. ती आत गेली.

बाहेर रांगेतल्या माना वर झाल्या. मग एक बाई किंचाळली, "त्रेसष्ट!"

"अरे, थांबा, काहीतरी चुकलंय," म्हणत नवऱ्याने काठी आडवी धरली. शिंप्याला ते ऐकू गेले नाही. त्याला दिसत होती अर्धीच वाचलेली पोर. मशिने विकली तरी कात्री कमरेला होतीच. ती नवऱ्याच्या कानामागे बसली. रक्ताची चिळकांडी काचेवर उडाली आणि त्याच काचेवर पहिला दगड आला.

"शटर ओढ!" मालक ओरडला.

"अहो, ते बाहेर आहेत!"

मालकाने स्वतःच शटर ओढले. ती खालच्या फटीतून सरपटत बाहेर पडली. पाठ सोलून निघाली. नवऱ्याला लोक तुडवत होते. दोन माणसे त्याचीच काठी त्याच्यावर चालवत होती. तिने वर फळ्याकडे पाहिले आणि तिला एकच सुचले. ती शिडी चढली. एक दगड खांद्यावर बसला, एक तोंडावर, आणि दात तुटून तिच्याच ओच्यात पडला. तिने सहा उलटा केला.

"तीन आहे! मेल्यांनो, तीन आहे! तेहतीस!"

पुढचे थबकले. मागचे मारतच राहिले, त्यांना फळा दिसत नव्हता. शिंप्याने कात्री टाकली आणि तो गाठोड्यासकट शटरवर डोके आपटू लागला. "मालक, तेहतीसनं द्या! आत्ता द्या! पाया पडतो!"

शटर उघडले नाही. शिपाई आले, त्यांनी गोळ्या झाडल्या. रांगेतले तिघे गटारात पडले. ती बातमी गावोगाव गेली, सगळ्या नाक्यांवर दुकाने बंद झाली, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच आकडा राहिला, त्रेसष्ट.

नवरा जगला, पण त्या कानाने कायमचा बहिरा झाला. कोणी मारले, असे पोलिसांनी विचारले. "गर्दी होती. दिसलं नाही," तो म्हणाला. तिने रात्री विचारले, तेव्हा कूस बदलून म्हणाला, "त्याच्या पोरीला एकच बाप आहे."

आठवड्याने दुकान उघडले. मालकाने नव्या भावाचा कागद हातात दिला. तिने तो दोनदा वाचला, मग शिडी चढून आकडे लावले आणि तारेने बांधले. खाली शिंपी उभा होता. गाठोडे तेच.

"वहिनी, उलटा लागलाय का आकडा?"

तुटक्या दातामुळे तिचे शब्द अजून फुसफुसत. "नाही, भाऊजी. आज सुलटाच आहे."

तो शिडीवर चढला. तिने अडवले नाही. त्याने सहा तारेसकट उपटला आणि मुठीत चेपत राहिला, बोटांमधून रक्त गळेपर्यंत. मग उतरून, तो पत्रा मुठीतच घेऊन गेला.

"आकडा कुठंय?" मालक बाहेर येऊन गरजला.

"नवीन कापून आणा," ती म्हणाली. "दोन आणा. तीन वेगळा, सहा वेगळा."