माठाची ओल

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर, करमणूक म्हणून वाचत आलो. वाचून झाले की बायकोला म्हणायचो, "लोकांना वेळ बराच आहे." अमानवीय वगैरे काही असतं, यावर माझा कधीच विश्वास नव्हता. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे. पण माझा अनुभव भीतीचा नाही... लाजेचा आहे. म्हणून लिहायला तीन वर्षं लागली. माझा मुलगा मराठी अडखळत वाचतो, त्यामुळे तो हे वाचणार नाही. याचंही आज बरं वाटतंय.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. आजोबा शेती सोडून हैदराबादला आले आणि इथलेच झाले. काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. मी बावन्न वर्षांचा. लग्नाच्या फोटोंचं काम कमी झाल्यावर मी एका इंजिनिअरसाठी जुन्या इमारतींचे फोटो काढू लागलो. तो विकायला निघालेल्या इमारतींची किंमत ठरवायचा आणि माझे फोटो त्याच्या रिपोर्टला जोडले जायचे.

मे महिना होता, सकाळचे साडेदहा. अफझलगंजहून गौलीगुड्याकडे जाताना आतल्या गल्लीत एक जुनी देवडी होती. जहागीरदारांच्या हवेलीला इकडे देवडी म्हणतात. करड्या दगडाच्या हातभर रुंद भिंती, अर्धं छप्पर खाली आलेलं, कमानींतून पिंपळ उगवलेले. इंजिनिअरनं फोनवर एवढंच सांगितलं होतं — "जागा एकदम रिकामी दिसली पाहिजे. कुणाचा संसार दिसता कामा नये."

संसार होता. फाटकाला लागून असलेल्या खोलीत एक चाऊस राहायचे. निजामाच्या काळी देवड्यांवर पहारा करणाऱ्या अरबांच्या वंशातले. त्यांचे आजोबा आणि वडील याच फाटकावर होते. हे स्वतः सत्तरीचे. मालक कधीच परदेशी गेले, हे मात्र राहिले. फाटकाच्या आत फरशीवर त्यांचा माठ असायचा, झाकणावर स्टीलचा पेला उपडा. गल्लीतून जाणारा कुणीही पाणी पिऊन जायचा.

मी कॅमेरा काढला तर म्हणाले, "पैले पानी पियो साब. फोटू कहाँ भागते?"

तेवढ्यात घरून फोन आला. माझं मराठी ऐकून त्यांचा चेहराच उजळला. "मरेठे हैं आप? माझी अम्मा परभनीची! प्या, प्या, थंड हाय."

मी दोन पेले प्यालो. मग त्यांनी विचारलं, "काईकू निकालते फोटू?"

"मरम्मत के वास्ते, चाचा," मी म्हणालो. "छप्पर नवं होणार."

हे बोलायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. वाद नको, काम लवकर उरकावं, एवढंच मनात होतं.

"हौ? अल्ला भला करे! बारिश में रातभर बर्तन सरकाते बैठता मैं."

त्या आनंदात त्यांनी स्वतःच खाट आत ओढली, दोरीवरचे कपडे काढले, स्टोव्ह भिंतीमागे नेला. माठाजवळ थबकले. "ये भी?"

"हौ चाचा. फोटोत नको."

माठ भरलेला होता. एका बाजूनं त्यांनी धरला, एका बाजूनं मी. उचलल्यावर फरशीवर एक ओलं वर्तुळ राहिलं. उन्हाच्या झळेनं ते दोन मिनिटांत वाळलं. मला नक्की ठाऊक आहे, कारण ते वाळेपर्यंत मी थांबलो होतो. मगच फोटो काढले. एकूण अठ्ठावीस.

घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिलं तर अठ्ठावीसही फोटोंत ते वर्तुळ होतं. लेन्सवर डाग असता तर सगळीकडे एकाच जागी आला असता. हे प्रत्येक फोटोत जमिनीवर होतं. लांबच्या फोटोत लहान, जवळच्यात मोठं, ओलसर चमकणारं. दिवाणखान्यात, विहिरीच्या कट्ट्यावर... जिना पडलाय म्हणून वरची गच्ची मी खालूनच टिपली होती, तिच्या कठड्यावरसुद्धा.

मी काय केलं? घाबरलोसुद्धा नाही. बसलो आणि एकेक वर्तुळ पुसून टाकलं. संध्याकाळी फोटो पाठवले. इंजिनिअर म्हणाला, "वा, एकदम रिकामी!"

जुलैत एका दुपारी दार वाजलं. मी माझं कार्ड चाऊसांना दिलं होतं, ते विसरलोच होतो. स्वयंपाकघरातून मी आवाज ओळखला.

"साहेब हैत का? छप्पराचं विचारायचं होतं."

मी बायकोकडे, सुनंदाकडे पाहून नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "बाहेरगावी गेलेत हो. पाणी देऊ का?"

"नक्को बेटा, बारिशइच पी के आया," म्हणून ते हसले. पण लगेच गेले नाहीत. पायरीवर बराच वेळ उभे होते. मी फ्रीजला टेकून उभा. ज्यांचं पाणी प्यालो त्यांच्यापासून माझ्याच घरात लपलो होतो.

आठवड्यानं धीर करून गेलो. देवडीच्या जागी पत्रे लावलेले आणि आत खड्डा. समोरचा पानवाला म्हणाला, "चाऊस? मशीन आई उस दिन माठ उठाए, निकल गए. किधर, बोले नईं." अरब वस्तीत, बारकसला, तीन रविवार हिंडलो. पत्ता लागला नाही. घरी येऊन मी पुसलेले फोटो उघडले. सगळ्यांत वर्तुळ परत आलं होतं. ते काम मी त्या दिवशी सोडलं.

त्या दिवाळीत सुनंदानं दारात रांगोळी काढली. मी मोबाईलवर फोटो घेतला. तिनं पाहिला आणि म्हणाली, "अहो, पायरीवर माठ कुणी ठेवला होता?"

रांगोळीशेजारी ओलं वर्तुळ होतं. चाऊस उभे होते तिथेच. बाहेर जाऊन पाहिलं तर पायरी कोरडी ठणठणीत. तिला मी तोवर यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मग सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि मलाही खोटं बोलायला लावलंत. त्या म्हाताऱ्या माणसाशी."

दुसऱ्या दिवशी तिनं माठ आणला, पायरीवर त्याच जागी ठेवला, वर स्टीलचा पेला. पेपरवाला पितो, रिक्षावाले पितात. रोज सकाळी मीच भरतो.

भरून झालं की एक फोटो काढतो. फोटोत पायरी येते, चपला येतात, ओलं वर्तुळही येतं. माठ येत नाही. मुलाच्या फोनवरही तेच. तो म्हणतो सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल. असेलही. "फोटोत नको" असं मीच म्हणालो होतो, एवढं मात्र मला आठवतं.

आज सकाळीही काढला. माठ अजून नाही आला.