गवारीच्या बियांच्या डब्यात

अंगठ्याच्या नखाएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यावरून आमचं घर चोरांचं ठरलं, ते असं.

तो तुकडा म्हणजे हातात धरून खेळायच्या माझ्या मुलीच्या व्हिडिओ गेमचं कार्ड. दोन वाढदिवसांची भेट एकदम मागून तिने ते घेतलं होतं. बारामतीत आमच्या घरी ते सहा महिने टिकलं आणि अंथुर्ण्याला, माझ्या माहेरी, ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेलं. मी कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलत होती.

"मॅडम, तुम्ही गेम विकत घेतलेला नाही. खेळायचा परवाना घेतलाय."

"मग परवाना शाबूत आहे. फुटलंय ते प्लास्टिक. तेवढंच पाठवा."

"त्यासाठी पूर्ण गेम पुन्हा घ्यावा लागेल."

म्हणजे मोडली की वस्तू माझी, आणि जपायची म्हटलं की त्यांची.

नवं कार्ड आलं. या खेपेला नवऱ्याने आधी त्याची एक प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवली. ज्या घरात रेशनकार्डाच्याही चार झेरॉक्स असतात, तिथे कुणाला यात वावगं वाटलं नाही.

वाटलं ते मुलीच्या शाळेत आलेल्या पाहुण्यांना. 'डिजिटल संस्कार' या विषयावर त्यांचं व्याख्यान होतं. आधी शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्यांचा सत्कार. मुलं तासभर उन्हात. पाहुण्यांच्या मागे हसऱ्या मुलांचा फलक होता. चित्र फुकटात उतरवलेलं असावं, कारण ते विकणाऱ्या संकेतस्थळाचं नाव मुलांच्या दातांवरून पुसट आडवं गेलेलं दिसत होतं.

"गेमची कॉपी म्हणजे चोरी! कुणाच्या घरी आहे? हात वर करा."

सगळ्या मैदानात एकच हात वर गेला, माझ्या मुलीचा. खरं बोलावं, हे आम्हीच शिकवलेलं. तिला पुढे बोलावून माइकवर 'पुन्हा असं करणार नाही' म्हणायला लावलं. टाळ्या वाजल्या. पालकांच्या रांगेतून मी उठले, तोवर राष्ट्रगीत सुरू झालं.

एक गेम घेऊन दहा घरांत वाटला असता, तर मीही मान खाली घातली असती. पण हे तिला कसं सांगायचं?

"पुसून टाक ते. मला चोरीचं नको," घरी आल्यावर ती म्हणाली.

"अगं, आपण पैसे देऊन घेतलाय."

"चोर असंच म्हणत असतील."

रविवारी माहेरी गेलो. माझे वडील ओसरीवर गवारीचं बी राखेत घोळवून डब्यात भरत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं.

"दुकानातनं न इचारता उचललं व्हतं का?"

"नाही आबा, विकत घेतलं."

"कापी कुणाला इकली?"

"नाही."

"मग इकत आणल्याल्या गवारीचं मी हे बी राखतोय, ती बी चोरीच की. बोलीव तुझ्या पाव्हण्याला. मला बी माइकवर हुबा करू दे."

ती हसली नाही. मग दप्तरातून घरून आणलेला पेनड्राइव्ह काढून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि बियांवर ठेवला.

"हितंच ऱ्हाऊ दे," आबांसारखं बोलत ती म्हणाली. "परत कुणी विचारलं, तर घरात नाही असं खरंच सांगता येईल."

आबांनी झाकण दाबून बसवलं. माझा संताप मात्र अजून बसलेला नाही. अकरा वर्षांची मुलगी मैदानात खरं बोलली होती. आता ती स्वतःची वस्तू दुसऱ्याच्या घरी लपवायला शिकली आहे, आणि ह्याला ती माणसं संस्कार म्हणतात.